१ जून २००७ रोजी अनाम्ब्राचा गव्हर्नर कोण होता?

माझ्या एक्सेल शीटमध्ये एक ओळ बरेच दिवस होती : अनाम्ब्रा, २००३ ते २००७, क्रिस एनगिगे, २००७ ते २०१४, पीटर ओबी. दिसायला एकदम स्वच्छ. नायजेरियाच्या ३६ राज्यांची अशी यादी मी केली होती आणि त्यावर पुढचं सगळं विश्लेषण उभं करायचं होतं. प्रोग्रेस रिपोर्टच्या आधी गाईड सरांनी शीटवर बोट ठेवलं आणि विचारलं, "१ जून २००७ ला गव्हर्नर कोण होता?" मी म्हटलं, ओबी. सर म्हणाले, "त्या दिवशी ओबी पदावर नव्हते. जा, परत बघ."

परत बघायला गेलो आणि त्या एका ओळीत दीड महिना गेला. पण माझ्या संशोधनाचा अर्धा प्रश्न मला तिथेच सापडला. सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांना, विशेषतः निवडणुका किंवा संस्था हा विषय घेणाऱ्यांना, ही केस उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी शब्दाबद्दल. मी मुद्दाम 'गव्हर्नर' लिहितोय, 'राज्यपाल' नाही. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. नायजेरियातला गव्हर्नर थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो, राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो, बजेट त्याच्या हातात असतं. बहुतेक राज्यांचा खर्च संघराज्याच्या खात्यातून दरमहा येणाऱ्या वाट्यावर चालतो, आणि तो वाटा कुठे जाणार हे प्रत्यक्षात गव्हर्नर ठरवतो. त्यातच राज्यघटनेच्या कलम ३०८ प्रमाणे पदावर असेपर्यंत त्याच्यावर फौजदारी खटला चालत नाही. हे लक्षात घेतलं की या खुर्चीसाठी एवढी मारामारी का, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता घटनाक्रम. १९ एप्रिल २००३ ला अनाम्ब्रात गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. अनाम्ब्रा म्हणजे आग्नेय नायजेरियातलं इग्बो भाषकांचं राज्य. राजधानी ऑका, पण पैसा आणि गर्दी नायजर नदीकाठच्या ओनित्शाच्या बाजारात. पीटर ओबी त्या ओनित्शाचेच, व्यापारी घरातले, एनसुकाच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेले, नंतर बँकिंगमध्ये गेलेले. ते एपीजीए या नव्या पक्षाचे उमेदवार होते. निवडणूक आयोगाने, म्हणजे आयनेकने, विजयी घोषित केलं ते सत्ताधारी पीडीपीच्या क्रिस एनगिगेंना. २९ मे २००३ ला एनगिगेंचा शपथविधी झाला. ओबी निवडणूक न्यायाधिकरणात गेले.

इथून पुढे दोन गोष्टी समांतर चालतात. एक रस्त्यावर, एक कोर्टात. वर्तमानपत्रं पहिलीने भरलेली आहेत, पण खरं उत्तर दुसरीत आहे.

रस्त्यावरची गोष्ट अशी. एनगिगेंच्या मागे क्रिस उबा नावाचे एक धनाढ्य राजकीय आश्रयदाते होते. नायजेरियात अशा माणसाला सरळ 'गॉडफादर' म्हणतात, आणि तिथल्या राज्यशास्त्रात 'गॉडफादरिझम' ही आता रुळलेली संज्ञा आहे. दोघांचं लवकरच बिनसलं. १० जुलै २००३ ला, म्हणजे शपथेला दीड महिनाही झालेला नसताना, एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली पोलिसांनी गव्हर्नरलाच ताब्यात घेतलं. विधानसभेत त्यांच्या नावाचं राजीनामापत्र मांडलं गेलं. हा डाव फसला आणि एनगिगे पदावर राहिले. त्यांना ओकिजा इथल्या देवस्थानात निष्ठेची शपथ घ्यायला नेलं होतं, हेही पुढे बाहेर आलं. नोव्हेंबर २००४ मध्ये ऑकामध्ये सरकारी इमारती जाळल्या गेल्या. त्याच डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबासांजोंनी आपल्या पक्षाध्यक्षांना, ऑडू ओग्बे यांना, एक पत्र लिहिलं आणि ते छापून आलं. पत्राचा आशय असा की उबा आणि एनगिगे दोघेही त्यांच्याकडे आले होते आणि ही निवडणूक एनगिगेंनी जिंकलेलीच नव्हती, हे बोलणं त्यांच्या समोर झालं. देशाच्या प्रमुखाला हे कळलं, त्याने ते लिहून दिलं, आणि तरी गव्हर्नर पदावरच. थोड्याच दिवसांत पद गेलं ते ओग्बे यांचं.

हा सगळा मसाला वाचताना मीसुद्धा वाहवत गेलो होतो. देवस्थान, अपहरण, जाळपोळ. थीसिसचं एक प्रकरण सहज भरेल एवढं. पण स्वतःला विचारा, यातलं काय मोजता येतं? कशाने काय घडलं हे यातून दाखवता येतं का? मला दाखवता आलं नाही. म्हणून कोर्टाकडे वळलो.

नायजेरियात मतमोजणी मतदान केंद्रावरच होते आणि तिथेच निकालपत्र भरलं जातं. मग ते आकडे प्रभाग, मग स्थानिक शासन क्षेत्र, मग राज्य, असे वर चढत जातात. अनाम्ब्रात अशी २१ स्थानिक शासन क्षेत्रं आहेत. प्रत्येक पायरीवर नवा कागद आणि नवी बेरीज. केंद्रावरचा आकडा आणि वरच्या पायरीवरचा आकडा जुळत नसेल तर गडबड कुठे झाली ते कागदच सांगतात, फक्त ते कागद हाताशी असले पाहिजेत. कायद्याचं गृहीतक मात्र आयोगाच्या बाजूचं. आयोगाने घोषित केलेला निकाल बरोबरच आहे असं धरून चालायचं, चुकीचा आहे हे याचिकाकर्त्याने सिद्ध करायचं. म्हणून बहुतेक याचिका पडतात. ओबींची टिकली. १२ ऑगस्ट २००५ ला न्यायाधिकरणाने ओबी जिंकले होते असा निर्णय दिला. एनगिगे अपिलात गेले, १५ मार्च २००६ ला एनुगूच्या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्या काळी गव्हर्नरपदाच्या निवडणूक याचिकेसाठी हीच शेवटची पायरी होती. १७ मार्च २००६ ला ओबींनी शपथ घेतली.

मतदानापासून अंतिम निकालापर्यंत किती दिवस झाले ते मी मोजलं. १,०६१. चार वर्षांच्या मुदतीतली जवळजवळ तीन वर्षं दुसऱ्याच माणसाने गव्हर्नर म्हणून काढली.

बरं, पदावर आले म्हणजे संपलं असं नाही. विधानसभेत बहुमत पीडीपीचं. २ नोव्हेंबर २००६ ला विधानसभेने ओबींवर महाभियोग मंजूर केला. त्यांच्या उपगव्हर्नर व्हर्जिनिया एतियाबा गव्हर्नर झाल्या. नायजेरियाच्या इतिहासातल्या पहिल्या महिला गव्हर्नर त्याच. ओबी पुन्हा कोर्टात. ९ फेब्रुवारी २००७ ला अपील न्यायालयाने महाभियोग रद्द ठरवला आणि एतियाबांनी पद परत त्यांच्या हाती दिलं. एवढ्या भांडणांत ही एक शांत गोष्ट. (महाभियोगांचा तो हंगामच होता. ओयो, एकिती, प्लॅटो, सगळीकडे त्याच वर्षी गव्हर्नर काढले गेले. यावर स्वतंत्र लिहायला हवं.)

चार वर्षं कधीपासून मोजायची?

आता खरा मुद्दा. एप्रिल २००७ मध्ये देशभर पुन्हा निवडणुका आल्या. आयनेकचा हिशोब सोपा होता. २९ मे २००३ ला मुदत सुरू, २९ मे २००७ ला संपली. ओबींचं म्हणणं : मी शपथ घेतली १७ मार्च २००६ ला, माझी चार वर्षं तिथून मोजा. निवडणूक व्हायच्या आधीच ते हा प्रश्न घेऊन कोर्टात गेले होते. खालच्या न्यायालयांत दाद मिळाली नाही. १४ एप्रिलला निवडणूक झाली, पीडीपीचे अँडी उबा विजयी घोषित झाले (हे क्रिस उबांचे भाऊ आणि ओबासांजोंचे सहायक), आणि २९ मेला त्यांनी शपथही घेतली.

राज्यघटनेच्या कलम १८० मधलं दुसरं उपकलम सांगतं की गव्हर्नरने पद सोडायचं ते त्याने शपथ घेतल्याच्या तारखेपासून चार वर्षं पूर्ण झाल्यावर. वाचायला सरळ वाक्य आहे. पण शपथ कोणाची? एनगिगेंनी घेतलेली की ओबींनी घेतलेली? आयनेक मुदत पदाला चिकटवत होतं, जणू घड्याळ खुर्चीला बांधलंय आणि खुर्चीवर कोण बसलंय याने त्याला फरक पडत नाही. १४ जून २००७ ला सर्वोच्च न्यायालयाने घड्याळ माणसाला बांधलं. जो कायद्याने निवडूनच आला नव्हता, त्याच्या शपथेने मुदत सुरू होऊ शकत नाही. म्हणून ओबींची मुदत १७ मार्च २००६ ते १७ मार्च २०१०. म्हणजे २९ मे २००७ ला पद रिकामंच नव्हतं, आणि रिकामं नसलेल्या पदासाठी झालेल्या निवडणुकीतून कोणी गव्हर्नर होत नाही. अँडी उबांनी ताबडतोब पद सोडावं असा आदेश झाला. १७ दिवसांची कारकीर्द.

हा निकाल वाचून 'न्यायालयाने अन्याय झालेल्याला वेळ परत दिला' असं लिहायचा मोह होतो. मीही पहिल्या ड्राफ्टमध्ये तसंच लिहिलं होतं. ते चूक आहे, आणि का चूक आहे हे ओयो राज्याच्या रशिदी लाडोजांच्या केसवरून कळतं. लाडोजांना जानेवारी २००६ मध्ये महाभियोगाने काढलं, डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत बसवलं. जवळपास अकरा महिने गेले. त्यांनी मागितलं की हे महिने मला मुदतीत वाढवून द्या. न्यायालयाने नाही म्हटलं. कारण लाडोजांनी शपथ २९ मे २००३ ला घेतली होती, चार वर्षं तिथून मोजायची, मधे काय झालं याला कलमात जागा नाही. आता ओबींच्या तारखा परत बघा. महाभियोगामुळे त्यांचे नव्व्याण्णव दिवस गेले होते. ते त्यांना मिळाले का? नाही. मुदत १७ मार्च २०१० लाच संपली. एकाच वर्षातले दोन निकाल, एक गव्हर्नरच्या बाजूचा, एक विरुद्ध, पण नियम एकच : शपथेची तारीख अधिक चार वर्षं. भरपाईचा प्रश्नच नाही.

हे मला सर्वांत जास्त शिकवणारं वाटलं. एकच केस वाचली असती तर 'न्याय मिळाला' हा निष्कर्ष पक्का झाला असता. शेजारची केस ठेवली तेव्हा यंत्रणा दिसली. तुलना करताना आपण सहसा वेगळा निकाल लागलेली केस टाळतो, कारण ती आपल्या मांडणीत बसत नाही. ती आधी शोधा.

एका माणसाच्या शपथेने बदललेलं कॅलेंडर

या निकालाचा परिणाम अजून चालू आहे. ओबींची मुदत मार्च २०१० ला संपणार म्हणून अनाम्ब्राची पुढची निवडणूक ६ फेब्रुवारी २०१० ला घ्यावी लागली, देशाच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वर्षभर आधी, एकटीच. मैदानात ओबी, एनगिगे, अँडी उबा आणि केंद्रीय बँकेचे माजी गव्हर्नर चुक्वुमा सोलुडो, सगळे. ओबी जिंकले, सुमारे ९८ हजार मतांनी. म्हणजे तेवढी मतं मिळवून, फरक तेवढा नव्हे. एनगिगे आणि सोलुडो साठ हजारांच्या आसपास. राज्यात नोंदलेले मतदार १८ लाखांच्या वर होते, हे लक्षात घ्या. सात वर्षं ज्या मतांसाठी कोर्टात भांडण झालं, ती द्यायला फारच थोडे लोक आले होते. मतदार याद्यांच्या दर्जाबद्दलही शंका होत्या, त्यामुळे 'लोक उदासीन होते' असा थेट अर्थ मी काढणार नाही.

अँडी उबांनी नंतर असाही दावा केला की ओबींची मुदत संपली, आता २००७ ची माझी निवडणूक लागू करा. तो टिकला नाही.

अनाम्ब्रा मग कायमच वेगळ्या वेळापत्रकावर गेलं. २०१३, २०१७, २०२१, २०२५, प्रत्येक वेळी नोव्हेंबरमध्ये. आणि ते एकटं राहिलं नाही. २००७ च्या निवडणुकांविरुद्धच्या याचिकांतून एडोमध्ये ॲडम्स ओशिओमोले नोव्हेंबर २००८ मध्ये, ओंडोमध्ये ओलुसेगुन मिमिको फेब्रुवारी २००९ मध्ये, एकितीत कायोडे फायेमी ऑक्टोबर २०१० मध्ये आणि ओसुनमध्ये रऊफ अरेगबेसोला नोव्हेंबर २०१० मध्ये गव्हर्नर झाले. प्रत्येकाचं घड्याळ स्वतःच्या शपथेपासून. कोगी, बायेल्सा आणि पुढे इमो हेही वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडले. २०२३ च्या सार्वत्रिक निवडणुकीत म्हणूनच ३६ पैकी फक्त २८ राज्यांत गव्हर्नर निवडले गेले.

व्यवस्थेने धडा घेतला, पण अर्धवट. २०१० च्या घटनादुरुस्तीनंतर याचिका निकालापासून २१ दिवसांत दाखल करायची, न्यायाधिकरणाने १८० दिवसांत निकाल द्यायचा, प्रत्येक अपील ६० दिवसांत संपवायचं, आणि गव्हर्नरपदाचा वाद आता सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो. बेरीज केली तर जास्तीत जास्त ३२१ दिवस. ओबींच्या १,०६१ शी तुलना करा. छान वाटतं ना? पण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १८० दिवस म्हणजे १८० दिवस, एकही वाढत नाही. म्हणजे प्रकरण फेरसुनावणीला परत पाठवलं आणि मुदत संपलेली असेल तर याचिका तिथेच मरते, गुणवत्तेवर निर्णय न होता. ज्या तऱ्हेने ओबींनी केंद्राकेंद्राचे कागद गोळा करून केस उभी केली, ते आजच्या मुदतीत कितपत शक्य आहे? माझ्या मते अवघड. वेग वाढला आणि पुराव्याची जागा आक्रसली.

दुसरी दुरुस्ती अधिक नेमकी आहे. निवडणूक रद्द होऊन फेरनिवडणुकीत तोच माणूस परत जिंकला, तर आधी पदावर काढलेला काळ त्याच्या चार वर्षांत धरायचा. ओबी निकालाचा आधार घेऊन काही जण दुसऱ्या शपथेपासून नवं घड्याळ मागत होते, ती पळवाट बंद झाली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अदामावा, बायेल्सा, क्रॉस रिव्हर, कोगी आणि सोकोटो या पाच राज्यांच्या गव्हर्नरांच्या मुदती पहिल्या शपथेपासून मोजून संपल्याचं जाहीर केलं.

आता माझी एक्सेल शीट. ओळ कशी दुरुस्त करायची? मी तीन कॉलम केले. पहिला, त्या तारखेला प्रत्यक्ष सह्या कोण करत होतं. दुसरा, त्या तारखेला आयोगाच्या नोंदीप्रमाणे कोण. तिसरा, अंतिम न्यायनिर्णयाप्रमाणे कोण. १ जून २००७ साठी पहिल्या दोन कॉलममध्ये अँडी उबा, तिसऱ्यात ओबी. १ जून २००५ साठी पहिल्या दोनांत एनगिगे, तिसऱ्यात पुन्हा ओबी, पण फक्त निवडून आल्याच्या अर्थाने. मुदतीच्या अर्थाने त्या दिवशी ओबींचं घड्याळ सुरूच झालेलं नव्हतं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एक असा काळ आहे जिथे खुर्चीवर माणूस आहे, पण मुदत कोणाचीच चालू नाही. तिथे मी रकाना रिकामा ठेवला आणि शेजारी टीप लिहिली. सरांना ते आवडलं नाही, 'रिकामा' हे सॉफ्टवेअर 'माहिती उपलब्ध नाही' असं वाचेल म्हणाले. मग वेगळा कोड दिला.

कॉलम कोणता वापरायचा हे प्रश्नावर अवलंबून. रस्त्यांवरचा खर्च कोणी केला असं विचारत असाल तर पहिला. आणि इथे एक अडचणीची गोष्ट समोर येते. एनगिगे गॉडफादरशी फाटल्यावर रस्ते बांधण्यासाठी लोकप्रिय झाले. न्यायालयाने ज्यांची निवड रद्द केली, ते २०११ मध्ये अनाम्ब्रातून सेनेटवर निवडून गेले. 'वैध निवडणूक म्हणजे चांगला कारभार' हे गृहीतक घेऊन बसला असाल तर ही केस तुम्हाला झोपू देणार नाही. माझा अंदाज असा की आश्रयदात्याचं देणं फिटेनासं झालं की माणूस लोकांकडे वळतो, पण एका केसवरून हे म्हणता येत नाही.

नमुना निवडतानाही जपा. मी सुरुवातीला फक्त यशस्वी याचिका घेतल्या होत्या, कारण त्यांचीच माहिती सहज मिळते. तसं केलं तर नायजेरियाची न्यायालयं म्हणजे निवडणूक सुधारणारं यंत्र असं चित्र तयार होतं. फेटाळलेल्या याचिका घेतल्या की ते मोडतं. खुद्द ओबींच्याच आयुष्यात दोन्ही आहे. २०१४ मध्ये गव्हर्नरपद सोडल्यावर ते पीडीपीत गेले, २०१९ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले, २०२३ मध्ये लेबर पार्टीतून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहून सुमारे ६१ लाख मतांसह तिसरे आले. निकालाला आव्हान दिलं. ६ सप्टेंबर २०२३ ला याचिका फेटाळली, २६ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही. तोच माणूस, तोच मार्ग, आणि यावेळी आठ महिन्यांत सगळं संपलं.

सुरुवात करायची असेल तर बातम्यांपासून करू नका. ओबी विरुद्ध आयनेक आणि लाडोजा विरुद्ध आयनेक, दोन्ही २००७ चे निकाल, शेजारी शेजारी ठेवून वाचा. मग ह्यूमन राइट्स वॉचचा ऑक्टोबर २००७ चा नायजेरियावरचा अहवाल, त्यात अनाम्ब्राचा भाग आहे. बातम्या शेवटी, तारखा पडताळायला. आणि हे सगळं झालं की रिव्हर्स राज्य बघा. तिथे रोटिमी अमेची सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ऑक्टोबर २००७ मध्ये गव्हर्नर झाले. ओबी नियमाप्रमाणे त्यांची मुदत ऑक्टोबर २०११ पर्यंत जायला हवी होती. पण ते एप्रिल २०११ च्या निवडणुकीला उभे राहिले, २९ मे २०११ ला नवी शपथ घेतली, आणि रिव्हर्स आजही सार्वत्रिक वेळापत्रकावरच आहे. माझ्या शीटमध्ये त्या ओळीपुढे सध्या प्रश्नचिन्ह आहे.